समुद्राखालचं तेल मोजायचं कसं: एका पेट्रोफिजिसिस्टची वही

तेलसाठ्याचा आकडा कानावर आला की आधी एकच गोष्ट विचारायची: दगडात आहे तो आकडा, की वर येईल तो? तेलाच्या बाबतीत या दोहोंत सहज तिपटी-चौपटीचा फरक पडतो. जून २००५ मध्ये जीएसपीसी या गुजरात सरकारच्या कंपनीच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या शोधाचा २० टीसीएफ गॅस असा गाजावाजा झाला (एक टीसीएफ म्हणजे लाख कोटी घनफूट). पुढे विकास आराखडा तयार झाला तेव्हा आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. वाळूचा दगड घट्ट निघाला, दाब आणि तापमान प्रचंड. गॅस कुठे पळून गेला नव्हता. पहिला आकडा विहिरींच्या पुराव्याच्या फार पुढे धावला होता, इतकंच.

माझी नोकरी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या विहिरींचे लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार टिपलेल्या नोंदी, वाचण्यात गेली. आता म्हार्दोळला घरी असते. भाचा गोवा विद्यापीठात भूविज्ञान शिकतो, त्याचे मित्र अधूनमधून वह्या घेऊन येतात. त्यांची तक्रार ठरलेली: "मावशी, सूत्र पाठ आहे, पण त्यात घालायचे आकडे आणायचे कुठून?" सूत्र म्हणजे दगडाचं घनफळ गुणिले कामाच्या दगडाचा हिस्सा गुणिले सच्छिद्रता गुणिले छिद्रांतल्या तेलाचा हिस्सा, आणि वर येताना तेल जितकं आक्रसतं त्याने भागिले. तक्रार रास्त आहे. शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतुलला इंडिया एनर्जी वीक भरला, तेव्हापासून निम्मा वाडा मला विचारतो, गोव्यात तेल लागलं काय गो? नाही लागलं. पाहुणे आले, भाषणं झाली, गेले.

आकडे आणायचे कसे ते एका उदाहरणावर दाखवते. जागा काल्पनिक आहे, नाव ठेवू 'शिंपली'. पाण्याची खोली ८० मीटर, समुद्रसपाटीखाली १,३८० मीटरवर चुनखडकाच्या घुमटाचा माथा, आणि घुमटात एकच विहीर. एकच, कारण समुद्रात रिगचं, म्हणजे खोदाईयंत्राचं, भाडं दिवसावर असतं आणि दुसऱ्या विहिरीसाठी कुणीही खुशीने सही करत नाही. जमिनीवर दहा विहिरी खोदून जे कळतं ते इथे एका विहिरीतून आणि सिस्मिकमधून, म्हणजे दगडांवरून परत येणाऱ्या आवाजाच्या नोंदीतून, काढावं लागतं. समुद्रातल्या अंदाजाची सगळी गोम यातच आहे.

नकाशा आणि घनफळ

सिस्मिकवाल्यांकडून माथ्याचा समोच्च नकाशा घ्या. १:५०,००० प्रमाण असेल तर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर. संगणक क्षणात क्षेत्रफळ देतो, तरी एकदा आलेख कागदावर ट्रेसिंग ठेवून चौकोन हाताने मोजा. घुमटाची कुठली कड सिस्मिकच्या रेषांवरून आली आहे आणि कुठली नकाशा काढणाऱ्याने हाताने गोलाई देऊन जुळवली आहे, ते तेव्हाच डोळ्यांत भरतं.

शिंपलीची क्षेत्रफळं अशी धरू: १,४४० मीटरच्या रेषेच्या आत २४ चौरस किलोमीटर, १,४२० च्या आत १५, १,४०० च्या आत ६, आणि १,३८० ला माथ्याचा बिंदू. प्रत्येक २० मीटरच्या चकतीचं घनफळ म्हणजे वरच्या-खालच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले जाडी. खालची चकती ३९०, मधली २१०. वरचं टोक शंकूसारखं, म्हणून तिथे सरासरी न घेता एक तृतीयांश: ४०. एकूण ६४० दशलक्ष घनमीटर. चौरस किलोमीटरला मीटरने गुणलं की उत्तर थेट दशलक्ष घनमीटरमध्ये येतं, शून्यं मोजत बसावी लागत नाहीत.

विद्यार्थी २४ ला सरळ ६० ने गुणतात आणि १,४४० काढतात. सव्वादोन पट! घुमटाला उतार असतो हे चित्रात सगळ्यांना दिसतं, गुणाकार करताना मात्र विसरतं. आणखी एक पाहायचं: चुनखडकाचा थर तेलाच्या उंचीपेक्षा जाड आहे का? इथे आहे असं धरलंय. पातळ असता तर थराच्या तळाचा वेगळा नकाशा लागला असता आणि तळाखालचं घनफळ वजा करावं लागलं असतं.

सिस्मिक खोली मोजत नाही, वेळ मोजतं. आवाज खाली जाऊन परत यायला लागलेल्या वेळाच्या निम्म्याला दगडातल्या वेगाने गुणून खोली काढतात. समुद्रतळाखाली १,३०० मीटर दगड असताना वेग एका टक्क्याने चुकला तर खोली १३ मीटरने हलते. सगळी रचना सारखीच वरखाली झाली तर विहिरीपाशी जुळवून घेता येते. पण वेग एका बाजूला वाढत गेला तर घुमटाची ती बाजू खोटीच उचलली जाते. म्हणून वेगाचा नकाशाही मागून घ्यायचा. देताना कुरकुर होते. होऊ द्यावी.

कामाचा दगड किती

६४० दशलक्ष घनमीटरमध्ये शेल (चिकणमातीचा दगड) आहे, घट्ट चुनखडक आहे, छिद्रं असूनही एकमेकांना न जोडलेले थर आहेत. गॅमा रे, न्यूट्रॉन आणि डेन्सिटी लॉग शेजारी ठेवून मर्यादा ठरवायच्या: शेल इतक्याहून कमी, सच्छिद्रता इतक्याहून जास्त, पाणी इतक्याहून कमी. जे या चाळणीतून उरेल ते नेट. शिंपलीत निम्मं धरू, ०.५.

ही मर्यादा कुणी ठरवली आणि कशावरून, हे अहवालात शोधा. सच्छिद्रतेची मर्यादा १० टक्क्यांवरून ८ वर आणली की नेट फुगतं, साठाही फुगतो, आणि दगड होता तसाच राहतो. त्या ८ टक्क्यांच्या दगडातून तेल खरंच वाहतं का, हे कोअर (विहिरीतून कापून आणलेला दगडाचा दांडा) आणि टेस्ट (थरातून प्रत्यक्ष तेल वाहवून पाहणं) सांगतात. दोन्ही नसतील तर मी कडक मर्यादाच घेते.

सच्छिद्रता, घरच्या चिऱ्यावर

भाच्याला हे समजावण्यासाठी मी परसातल्या पडक्या कुंपणाचा चिऱ्याचा तुकडा घेतला. आपल्याकडच्या घरांचा जांभा तेलाचा दगड नव्हे, पण कोअरवर प्रयोगशाळेत जे करतात त्याची ओळख यावर छान होते.

तुकडा ब्रशने घासून माती काढा. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, वजन घटायचं थांबेपर्यंत. कोरडं वजन आलं ८६० ग्रॅम. मग बादलीत रात्रभर बुडवा. पहिला तासभर बुडबुडे येत राहतात, ती छिद्रांतली हवा. बाहेर काढून ओल्या फडक्याने नुसतं टिपा. कोरड्या फडक्याने पुसाल तर वरच्या छिद्रांतलं पाणी ओढलं जाईल. भिजलेलं वजन ९७५. शेवटी दोऱ्याने बांधून ताणकाट्याला लटकवा आणि पाण्यात पूर्ण बुडालेला असताना वजन घ्या: ५५५. तळाला टेकता कामा नये.

छिद्रांतलं पाणी ९७५ वजा ८६०, म्हणजे ११५ घनसेंटिमीटर. तुकड्याचं पूर्ण घनफळ ९७५ वजा ५५५, म्हणजे ४२०. भागाकार २७ टक्के. दाणाही तपासा: ८६० भागिले ३०५ म्हणजे २.८, लोह असलेल्या जांभ्याला शोभेल असा. तिथे १.९ आलं असतं तर समजायचं की वजन घेताना काहीतरी गफलत आहे. कोअरच्या अहवालात दाण्याच्या घनतेचा रकाना असतो तो याचसाठी, आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत.

आता चिऱ्यावर डोळा ठेवा. एका बाजूला बोट जाईल एवढी भोकं, दुसऱ्या बाजूला घट्ट. तुकडा कुठून फोडला त्यावर २७ चे १८ होतील नाहीतर ३५. चुनखडकाचंही असंच असतं, आणि विहिरीतून येतो तो मुठीत मावेल एवढ्या व्यासाचा कोअर, २४ चौरस किलोमीटरच्या वतीने. म्हणून कोअरवरून लॉग पडताळायचा आणि लॉगवरून पूर्ण थराची सरासरी काढायची. शिंपलीला २० टक्के धरू.

त्यात पाणी किती

छिद्रं सगळी तेलाने भरलेली कधीच नसतात. तेल येण्याआधीचं खारं पाणी दाण्यांना चिकटून राहतं. पाण्यातून वीज जाते, तेलातून जात नाही, म्हणून रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजणाऱ्या लॉगवरून पाण्याचा हिस्सा काढतात. सूत्र आर्ची यांचं, १९४२ सालचं, अजून चालतं. सच्छिद्रता २० टक्के आणि तिचा घातांक २ असेल तर गुणक १ भागिले ०.२० चा वर्ग, म्हणजे २५. थरातल्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी ०.०६ आणि लॉगवर थराची १२ ओम-मीटर. २५ गुणिले ०.०६ भागिले १२, त्याचं वर्गमूळ: ०.३५. पाणी ३५ टक्के, तेल ६५.

तो घातांक २ कुठून आला? सवयीने. चुनखडकात छिद्रं एकमेकांपासून तुटक असली की तो २.२ होऊ शकतो. मग पाणी ४१ टक्क्यांवर जातं आणि तेल ६५ वरून ५९ वर येतं. दोन दशांशांच्या फरकाने जवळजवळ दहावा हिस्सा तेल कागदावरून उतरलं. कोअरवर हा घातांक प्रत्यक्ष मोजून घेता येतो. खर्च रिगच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे किरकोळ असतो, आणि तरी त्यावर चर्चेच्या फेऱ्या झडतात.

तेल कुठे संपतं

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण समुद्रातले बहुतेक वाद इथेच होतात.

शिंपलीच्या विहिरीत १,४२० मीटरपर्यंत तेल दिसलं. त्याखाली दगड घट्ट, काहीच कळत नाही. पाणी दिसलंच नाही. तेव्हा तेल १,४२० ला संपतं की १,४४० ला, की घुमट काठोकाठ भरून १,४६० ला सांडतो?

दाब मोजून अंदाज येतो. केबलवर उपकरण सोडून भिंतीला टेकवतात आणि वेगवेगळ्या खोलीवर थरातला दाब टिपतात. तेल हलकं, त्याचा दाब दर मीटरला साधारण ०.०७४ बारने वाढतो. खाऱ्या पाण्याचा ०.१ बारने. तेलाची रेषा आणि पाण्याची रेषा जिथे छेदतात तिथे मुक्त पाण्याची पातळी. शिंपलीत १,४१० मीटरवर तेलात १४१.८ बार मिळाला. पाण्याची रेषा शेजारच्या कोरड्या विहिरीवरून आणली, ती त्याच खोलीला १४१.० देते. फरक ०.८ बार. दोन्ही उतारांमधला फरक ०.०२६. भागाकार सुमारे ३० मीटर, म्हणजे पातळी १,४४० ला.

छान वाटतं ना? आता दाबाच्या मापनात ०.२ बारची चूक धरा. पातळी जवळजवळ ८ मीटर सरकते. पाण्याची रेषा दुसऱ्या विहिरीची, दुसऱ्या वर्षीची, दुसऱ्या गेजने मोजलेली असेल तर ०.२ म्हणजे काहीच नाही. शिवाय दोन्ही विहिरी एकाच पाण्याला जोडलेल्या आहेत हे आपण गृहीत धरलंय, मध्ये फॉल्ट, म्हणजे दगड सरकल्याची भेग, असू शकतो. म्हणून १,४४० हा उत्तम अंदाज म्हणून ठेवायचा आणि १,४२० व १,४६० ही दोन टोकं सोबत वागवायची.

सिस्मिकवर कधी पाण्याच्या पातळीवर सपाट चमकदार रेघ दिसते. दिसली तर आनंद, पण हुरळू नका. थोडासा गॅस पाण्यात मिसळलेला असला तरी सिस्मिक तितकंच चमकतं, आणि असा गॅस विकण्याजोगा नसतो.

गुणाकार

६४० गुणिले ०.५ म्हणजे ३२०. गुणिले ०.२० म्हणजे ६४. गुणिले ०.६५ म्हणजे ४१.६. तेल वर आलं की त्यातला गॅस सुटतो आणि ते आक्रसतं, म्हणून १.३ ने भागा: ३२ दशलक्ष घनमीटर. बॅरल हवे तर ६.२९ ने गुणा: सुमारे २० कोटी बॅरल. हे दगडातलं तेल. १.३ हा आकडा तळातून दाबासकट आणलेल्या नमुन्यावरून यावा, पुस्तकातल्या आलेखावरून नव्हे.

त्याच छिद्रांत गॅस असता तर? १४२ बार दाबाखालचा गॅस वर आला की साधारण १३५ पट फुगतो. ४१.६ गुणिले १३५ म्हणजे सुमारे ५.६ अब्ज घनमीटर, टीसीएफमध्ये ०.२. सुरुवातीच्या २० टीसीएफसाठी अशा शंभर शिंपल्या लागल्या असत्या. मोठा आकडा कानावर आला की मी असा भागाकार करून बघते.

एक आकडा नको, तीन द्या

फक्त पातळी बदलून बघा, बाकी सगळं तेच. १,४२० ला संपतं धरलं तर घनफळ २५० आणि तेल ७.९ कोटी बॅरल. १,४४० ला २० कोटी. १,४६० च्या आत ३६ चौरस किलोमीटर धरलं तर घनफळ १,२४० आणि तेल ३९ कोटी. विहीर तीच, लॉग तेच, उत्तरात पाचपट फरक. म्हणूनच 'शिंपलीत २० कोटी बॅरल' असं नुसतं लिहिणाऱ्याचा मला राग येतो.

प्रत्येक घटकाला कमी, मध्यम आणि जास्त किंमत द्या आणि स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडे टाकून दहा हजार वेळा गुणाकार करवा. निकाल चढत्या क्रमाने लावा. ज्याच्याइतकं किंवा जास्त मिळण्याची शक्यता ९० टक्के तो पी-९०, मधला पी-५०, दहा टक्क्यांचा पी-१०. मोह असा होतो की पाचही घटकांच्या कमी किमती एकत्र गुणाव्या आणि त्याला पी-९० म्हणावं. तसं नसतं. पाच स्वतंत्र घटक एकाच वेळी आपापल्या तळाच्या दहा टक्क्यांत असण्याची शक्यता लाखात एक. मात्र घटक खरोखर स्वतंत्र आहेत का तेही पाहा. सच्छिद्रता वाढली की पाण्याचा हिस्सा सहसा कमी होतो. हे नातं शीटमध्ये घातलं नाही तर टोकं खोटीच जवळ येतात.

किती निघेल

तेलाच्या साठ्यातून पाव ते एक तृतीयांश निघालं तर वाईट नाही. गॅस पाऊण हिस्सा सहज निघतो, पाणी मध्ये घुसलं नाही तर. शिंपलीला २८ टक्के लावले की २० कोटींतले साडेपाच कोटी बॅरल.

हे २८ कुठून? शेजाऱ्याकडून. पश्चिम किनाऱ्यावर चुनखडकाचा सगळ्यात मोठा शेजारी मुंबई हाय. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने शोध लावला, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, मुख्य साठा एल-३ नावाच्या चुनखडकात. तुलना करताना नुसतं 'दोन्ही चुनखडक' पुरत नाही. तेल किती पातळ, दाब टिकवायला खालून पाणी ढकलतंय की वरून गॅस, विहिरी किती जवळजवळ, हे सगळं ताडून पाहायचं. शिवाय हा निघणारा हिस्सा, रिकव्हरी फॅक्टर, काही दगडात कोरलेला नसतो. मुंबई हायवर २००० नंतर पुनर्विकासाचे मोठे कार्यक्रम झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवेसाठी नेमलं, ते निघणारा हिस्सा वाढावा म्हणूनच. तेवढा पैसा आणि पन्नास वर्षांची माहिती शिंपलीकडे नाही. मुंबई हायचा आकडा उचलून इथे चिकटवू नका.

मग येतो पैसा. समजा शिंपलीसारख्या जागेवर उत्पादन दिवसाला ६,००० बॅरलवरून वर्षाला १२ टक्क्यांनी घटतंय. खर्च भागायला दिवसाला किमान ९०० बॅरल लागतात असं धरलं तर आणखी पावणेपंधरा वर्षं चालेल आणि साधारण १.४६ कोटी बॅरल निघतील. आता बोटींचं भाडं, हेलिकॉप्टर, प्लॅटफॉर्मची डागडुजी महाग झाली, किंवा तेलाचा भाव पडला, आणि किमान मर्यादा १,८०० वर गेली. चालेल साडेनऊ वर्षं, निघतील १.२ कोटी. २६ लाख बॅरल साठ्यातून गेले आणि खाली दगडात तसूभर बदल नाही. जमिनीवरच्या विहिरीला पंपवाला आणि टँकर पुरतो, थेंब थेंब देतही ती चालते. समुद्रात ती चैन नाही. त्यात आपल्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर्या खवळलेला, मोठी जोडणीची कामं ऑक्टोबर ते मेमध्येच उरकायची. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं, आणि ते वर्ष हिशेबात धरावं लागतं.

डिचोलीकडच्या खाणींवर काम केलेल्यांना हे लगेच कळतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डोंगरातलं खनिज कुठे गेलं नव्हतं, पण काढण्याची परवानगी नसलेल्या खनिजाला साठा म्हणायची सोय राहिली नाही. तेलाच्या जगात साठ्यांच्या वर्गवारीसाठी पीआरएमएस ही पद्धत चालते, २००७ साली आली, २०१८ मध्ये सुधारली. तिच्यात 'रिझर्व्ह' म्हणायला चार अटी: शोध लागलेला असावा, काढता यावा, परवडावा, आणि अजून शिल्लक असावा. शोध लागलाय पण पाइपलाइन नाही, भाव नाही किंवा परवानगी नाही, तर तो कंटिंजंट रिसोर्स. विहीरच खोदलेली नाही तर प्रॉस्पेक्टिव्ह. रिझर्व्हमध्ये पुन्हा सिद्ध, संभाव्य आणि शक्य अशा पायऱ्या; त्यांची बेरीज करत गेलं की १पी, २पी, ३पी. या पायऱ्या वरखाली केल्या की काय होतं ते जानेवारी २००४ मध्ये शेल या तेल कंपनीने दाखवलं. सिद्ध साठ्यातले ३.९ अब्ज बॅरल, म्हणजे पाचवा हिस्सा, एका घोषणेत खालच्या वर्गात टाकले आणि मार्चमध्ये अध्यक्षांना जावं लागलं.

उत्पादन सुरू झालं की

आता दगडाचा नकाशा थोडा मागे ठेवायचा आणि दाब बघायचा. गॅससाठी पद्धत सोपी आहे: दाबाला झेड गुणकाने (खरा गॅस आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणारा आकडा) भागा, आणि तो आकडा एकूण काढलेल्या गॅससमोर मांडा. शिंपलीत गॅस आहे असं धरू. सुरुवातीला १४२ भागिले ०.८५, म्हणजे १६७. ०.६ अब्ज घनमीटर काढल्यावर दाब १२८, झेड ०.८६, म्हणजे १४९. रेषा खाली वाढवली की ती शून्याला साडेपाच अब्जांपाशी भेटते. घनफळावरून आलेल्या ५.६ शी जुळलं, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलो. दाब मोजताना विहीर पुरेसा वेळ बंद ठेवलेली असावी, नाहीतर हा सगळा खेळ वाया. आणि खालून पाणी आत येत असेल तर ते दाब टिकवून धरतं, रेषा आडवी होते, साठा आहे त्याहून मोठा भासतो.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या गटातल्या डी१ आणि डी३ या गॅसक्षेत्रांचं उदाहरण वर्गात जरूर घ्यावं. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू, २०१० मध्ये दिवसाला ६ कोटी घनमीटरच्या आसपास, मग झपाट्याने घसरण. काढता येण्याजोगा साठा आधीच्या दहाएक टीसीएफवरून २०१२ मध्ये तीनेक टीसीएफवर आणला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती क्षेत्रं बंद झाली. दाब आणि पाणी दोन्ही पहिल्या दोन-तीन वर्षांतच बोलू लागले होते.

आणि आपल्या समोरचा समुद्र?

गोव्यासमोरचा समुद्र कोकण-केरळ खोऱ्यात येतो. सरकारी वर्गवारीत ते तिसऱ्या गटात, म्हणजे फक्त प्रॉस्पेक्टिव्ह. विहिरी खोदल्या गेल्या, व्यापारी साठा मिळाला नाही. अडचण एक मोठी: सह्याद्रीत दिसणारा काळा बसाल्ट समुद्राखालीही पसरलेला आहे, आणि त्याच्याखालचे जुने थर सिस्मिकला धड दिसत नाहीत. २००६ च्या गॅस हायड्रेट (बर्फासारख्या स्फटिकात अडकलेला गॅस) मोहिमेत जॉइडेस रेझोल्यूशन जहाजाने पहिली जागा याच खोऱ्यात खोदली. हायड्रेट मिळालं नाही, मिळालं ते पूर्व किनाऱ्यावर.

अशा ठिकाणी घनफळाचा गुणाकार करायचा, पण त्याला यशाच्या शक्यतेने पुन्हा गुणायचं. तेल तयार करणारा दगड असण्याची शक्यता ०.६, साठवणारा ०.५, सापळा ०.५, वरचं झाकण टिकण्याची ०.६. गुणाकार ०.०९. शंभरातल्या नऊ संधी. आकडे माझे, वर्गात घालायला म्हणून घेतलेले. शक्यता न सांगता कुणी 'गोव्यासमोर इतके बॅरल' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

अंदाजाच्या पहिल्या पानावर मी एवढं लिहायला लावते: तारीख, पद्धत, किती विहिरींवर आधारित, तेलाची पातळी दिसलेली की अनुमानित, दगडातला आकडा आणि निघणारा आकडा वेगवेगळे, तीन किमती, वर्ग, आणि धरलेला भाव. शिंपलीचं पान भाच्याने भरलं तेव्हा 'पातळी' या रकान्यात त्याने १,४४० लिहून पुढे काहीच लिहिलं नव्हतं. मी परत दिलं. आता तिथे आहे: दाबावरून अनुमानित, पाण्याची रेषा शेजारच्या विहिरीची, अधिक-उणे ८ मीटर, दुसरी विहीर पश्चिम उतारावर १,४३५ ला घेतल्यास उलगडा होईल.